डुबुक म्हातारा होत नाही

रंगमंचावर त्या सकाळी एक ऑर्गन होता, तबला-डग्ग्याची एक जोडी, एक लाकडी सिंहासन, राजवाड्याचा देखावा रंगवलेले दोन पडदे आणि वरून सोडलेले सहा माइक. माणसं तीन होती. शिवाय रंगमंचाच्या कमानीवर हातभर लांबीची एक काळी पट्टी बसवलेली होती. तिला वस्तूंत धरावं की माणसांत, हे सांगलीच्या त्या नाट्यगृहात अजून कुणी ठरवलेलं नव्हतं. सगळे तिला 'पारखी' म्हणत.

पारखीचं काम सोपं होतं. यंत्रं कुणाच्याही आवाजात गाऊ-बोलू लागली, फसवणुकीला ऊत आला, तेव्हा कायदा झाला: तिकीट लावून जो कुणी गाईल त्याचा आवाज त्याच्या नावावर नोंदलेल्या कंठमुद्रेशी जुळला पाहिजे. कंठमुद्रा म्हणजे आवाजाचा गणिती साचा. स्वरतंतू कसे थरथरतात, घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीत कोणते सूर घुमतात, श्वास कुठे गळतो, अशा काही हजार मापांची ती गुंफण. शंभरपैकी ऐंशी किंवा त्याहून जास्त जुळणी आली की पट्टी हिरवी. खाली आली की पिवळी, आणि तिच्यावर एकच शब्द: नक्कल.

"ताई, आधी नुसतं नाव सांगा," ध्वनितंत्रज्ञ ईशानी टिळेकर म्हणाली.

"कुमुद बांदिवडेकर."

पट्टी पिवळी झाली. ५८.१. नक्कल.

ऑर्गनवर बसलेले विष्णुपंत खो खो हसले. "कुणाची नक्कल म्हणे?"

"कुमुदताईंची," ईशानी ओशाळून म्हणाली.

"अगं पोरी, मग ह्या कोण? ह्यांच्या सासूबाई?"

कुमुदताई हसल्या नाहीत. त्यांनी राजमातेचं पद म्हणून पाहिलं. मारव्यातलं, दुसऱ्या अंकाच्या शेवटी येणारं: 'सरली रे रात, आता कुणासाठी जागू'. आवाज जड होता, खालच्या सुरांत थोडी खरखर होती, आणि 'जागू'वर तो असा थांबला की विष्णुपंतांचं हसू मावळलं. पट्टीने ६१.४ दाखवले.

"यंत्र बिघडलेलं नाही," ईशानी म्हणाली. "वयाबरोबर स्वरतंतू जाड होतात, घशातली कूर्चा कडक होते, बाईचा मूळ सूर खाली उतरतो. तुमची कंठमुद्रा कधीची आहे?"

"मी तेहतीस वर्षांची होते तेव्हाची."

आता त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

एकोणिसाव्या वर्षी त्या बाबी मास्तरांच्या संगीत नाटक मंडळीत आल्या. चौदा वर्षं सखी, दासी, फार तर नायिकेची धाकटी बहीण. त्या वर्षांत मंडळीचे प्रयोग कमी होत गेले आणि एक दिवस 'टिकली चित्रनिर्मिती' नावाच्या कंपनीने बोलावलं. हलत्या चित्रांच्या मालिकेत एक कासव होतं, डुबुक. त्याला बोलता आणि गाता येणारा आवाज हवा होता. कुमुदताईंनी नाक किंचित दाबलं, घसा वर उचलला, जीभ दातांमागे टेकवली आणि डुबुक जन्माला आला. त्यातली त्यांची खरी कमाल गाण्यात नव्हती. एकच वाक्य चाळीस वेळा म्हणायला सांगितलं तर त्या चाळीस वेळा तंतोतंत तेच म्हणत. म्हणूनच त्यांची कंठमुद्रा इतकी निर्दोष उतरली. पुढे तिच्याच जोरावर डुबुक अकरा भाषांत बोलू लागला आणि कुमुदताईंना स्टुडिओत बोलावण्याची गरज उरली नाही.

राजमातेची भूमिका मात्र त्यांनी स्वतः मागून घेतली होती. तेहतिसाव्या वर्षीही मागितली होती, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "घसा कोवळा आहे अजून. ह्या पदाला पोर गमावलेली बाई लागते, नाहीतर निदान तेवढं वय तरी." आता वय झालं होतं. मास्तर नव्हते, पण नव्या मंडळींनी 'संगीत रेवाकुमारी' पुन्हा उभं केलं होतं आणि जाहिरातीत कुमुदताईंचं नाव होतं.

"माइक काढून टाका की," विष्णुपंत म्हणाले. "आमच्या वेळी कुठं होते?"

"कायदा तिकिटाला आहे, काका, माइकला नाही. पट्टी पिवळी पडली तर प्रयोग थांबवावा लागेल."

"नवी कंठमुद्रा काढ मग माझी," कुमुदताई म्हणाल्या.

"एका अंगठ्याच्या ठशावर एकच कंठमुद्रा नोंदता येते, ताई. आणि ती बदलायचा हक्क ज्याच्याकडे करार आहे त्याचा."

कुमुदताईंनी तिथूनच टिकलीला फोन लावला. पलीकडचा अधिकारी फार गोड बोलला. "ताई, मी लहानपणी डुबुक लागल्याशिवाय घास घेत नसे! आई सांगते अजून."

"मग आता माझं एक काम करा. माझी मुद्रा नवी करून घ्या."

"तसं केलं तर सगळ्या भागांत डुबुकचा आवाज बदलेल हो. डुबुक म्हातारा होत नाही."

"मी होते ना."

"ते करारात नाही, ताई," तो म्हणाला. त्याच्या स्वरात जराही खवचटपणा नव्हता.

तेव्हा ईशानीनेच तोड काढली. तिने कुमुदताईंना कानात बसणारा एक मणी दिला. त्यातून सतत तंबोरा वाजत असे. बोलणाऱ्याचा आवाज कंठमुद्रेजवळ सरकला की तंबोरा लख्ख लागे, दूर गेला की बोदा होई. "गळा कानाचं ऐकतो," ईशानीने समजावलं. "आपलाच आवाज ऐकून मेंदू घशाचे स्नायू सावरत असतो. कानाला बक्षीस बदललं की गळा हळूहळू तिकडे वळतो. तुम्हाला ऐंशीच गाठायचेत."

"आणि ती मुद्रा हे पद कसं म्हणते?"

ईशानीने त्या मुद्रेवरून यंत्राकडून पद गाऊन घेतलं. मग तिने ऐकवलं.

तेहतिसाव्या वर्षी जे पद कुणी त्यांना गाऊ दिलं नव्हतं, ते त्यांच्या तेहतिसाव्या वर्षीच्या आवाजात मण्यातून आलं. एक सूर ढळला नाही. 'जागू'वर कुठे थांबायचं हे मात्र त्या आवाजाला ठाऊक नव्हतं. तो नुसता संपला.

"छान गाते," कुमुदताई म्हणाल्या. "मेली."

प्रयोगाला दीड महिना होता. पहिल्या आठवड्यात आकडा सदुसष्टवर आला आणि तिथेच अडला. तेव्हा त्यांनी विचारलं, "गाण्यापुरताच का? दिवसभर कानात ठेवला तर?"

"लवकर जमेल. पण..."

"पण काय?"

"इतका वेळ कुणी वापरून पाहिलेला नाही."

कुमुदताईंनी मणी ठेवला. भाजी घेताना ठेवला, देवापुढे स्तोत्र म्हणताना ठेवला. तंबोरा बोदा झाला की त्या नकळत घसा उचलत. चौथ्या आठवड्यात त्यांच्या बहिणीने, शैलाने, कोल्हापूरहून फोन केला.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी कोण? कुमुदला दे ना जरा."

"मीच बोलतेय, शैले!"

पलीकडून हसू आलं. "घाबरवलंस की! मला वाटलं नातवाने टीव्ही लावला. पुरे कर बाई तो डुबुक, अंगावर काटा आला."

"मी डुबुक काढलाच नव्हता," कुमुदताई म्हणाल्या. शैला तोवर दुसरंच काही सांगू लागली होती.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी पदाला ९३ गुण मिळाले. ईशानीने टाळी वाजवली. विष्णुपंत पट्टीकडे पाठ करून बसले होते.

"सूर बरोबर आहेत," ते म्हणाले. "राजमाता कुठे गेली, कुमुदबाई?"

"आहे, पंत. वन्स मोअरला येईल." त्या ईशानीकडे वळल्या. "त्र्याण्णव मिळाले म्हणजे माझ्याकडे तेरा उरले. बरोबर?"

"बरोबर. तेराने घसरलात तरी पट्टी हिरवीच राहील."

"ते तेरा माझे."

ईशानीला कळलं नाही तेव्हा विष्णुपंतांनी सांगितलं. संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडतात आणि नट ते पुन्हा म्हणतो. बाबी मास्तरांची शिस्त अशी, की दुसऱ्यांदा तेच म्हणणाऱ्याला मंडळीत जागा नाही. ते म्हणत, "पुन्हा म्हणजे 'तेच दे' असं नव्हे रे. 'अजून दे' असं." एकदा तर एका नटाने पहिल्यासारखंच म्हटलं म्हणून मास्तरांनी ऑर्गन मध्येच थांबवला होता.

"म्हणजे पहिल्यांदा कायद्यासाठी," ईशानी म्हणाली.

"आणि दुसऱ्यांदा पदासाठी," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी कानातला मणी काढून तिच्या हातावर ठेवला.

रविवारी दुपारी नाट्यगृह भरलं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजमाता सिंहासनाच्या पायरीवर बसली आणि पद सुरू झालं. स्वच्छ, कोवळं, निर्दोष. पट्टी हिरवी: ९३.६. टाळ्या पडल्या, आणि मागच्या रांगेतून कुणा म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

कुमुदताईंनी विष्णुपंतांकडे पाहिलं. पंतांनी मान हलवली आणि ऑर्गनवर वाट बदलली. ठरल्याप्रमाणे ते खालच्या निषादावर थांबून राहिले, म्हणजे तिथून कुमुदताईंनी आपल्या जड आवाजाने हळूहळू वर यावं. त्यांनी घसा सैल सोडला. निदान त्यांना तरी वाटलं की सोडला. खोल श्वास घेतला आणि सुरू केलं.

'सरली रे रात...'

वाक्य वरूनच आलं. कोवळं. नाकात किंचित दाबलेलं. ऑर्गन खाली एकटाच थांबला होता. कुमुदताईंनी पुढची ओळ ओढून खाली आणायला पाहिली, मानेवरच्या शिरा फुगल्या, आणि ओळ जिथे पहिल्यांदा गेली होती तिथेच अचूक गेली. विष्णुपंतांची बोटं क्षणभर पट्ट्यांवरून उचलली गेली. मग ते मुकाट्याने वर आले आणि त्यांच्यामागून चालू लागले. 'जागू'वर कुमुदताईंनी थांबायचं ठरवलं होतं. आवाज थांबला नाही. संपला.

पट्टीवर ९८.२ आले.

म्हातारा पुन्हा ओरडला नाही. बाल्कनीतून मात्र तिशीतल्या एका माणसाने आनंदाने हाक मारली, "डुबुक!" आधी एक हशा पिकला, मग सगळ्या सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. किती तरी लोक उभे राहिले. एक बाई रुमालाने डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "अगं, माझं सगळं लहानपण आठवलं."

पडदा पडल्यावर ईशानी धावत आली. ती रंगमंचावर पोचली तेव्हा कुमुदताई सिंहासनाच्या पायरीवरच बसलेल्या होत्या, मुकुट मांडीवर घेऊन. विष्णुपंत ऑर्गनचं झाकण लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मणी काढला होता ना मी?" कुमुदताईंनी विचारलं. "तुझ्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच आहे, ताई." ईशानीने मूठ उघडून दाखवली. "कदाचित काही दिवसांनी, न वापरता... गळा परत..."

"कदाचित?"

"मला माहीत नाही," ईशानी म्हणाली.

कुमुदताईंनी पाणी मागितलं. घोट घेतला, खाकरल्या, मान सैल केली, खांदे पाडले. मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं पोटातून श्वास सोडून दिला.

"पारखी चालू आहे का गं?"

"आहे."

"आता मी गात नाहीये. काही काढतही नाहीये. नुसती बोलतेय. मोज."

ईशानी बाजूला सरली. विष्णुपंतांचा हात झाकणावर थांबला.

"कुमुद बांदिवडेकर."

पट्टी हिरवी झाली. ९६.४.