हुकांची तोंडं

या व्यवहारात बायकोला रोजची बावीस मिनिटं मिळायची होती आणि मला सकाळची शांतता. फायदा दोघांचा, तोटा कुणाचाच नाही. असा व्यवहार समोर आला की आधी संशय घ्यावा, हे मी गोदामात नव्या माणसांना शिकवतो. घरी विसरलो.

ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. दवाखाना आठला उघडायचा, ती सव्वाआठला पोचायची. डॉक्टरीणबाईंची दोनदा समज देऊन झाली होती. तिसऱ्यांदा या खुर्चीवर दुसरी कुणी दिसेल, असं त्या हसत हसत म्हणाल्या होत्या. हसत सांगितलेलं जास्त खरं असतं. उशिराचं कारण कपाट. दांडीवर त्रेपन्न कपडे आणि त्यांच्यासमोर टॉवेल गुंडाळून उभी असलेली माझी बायको. "घालायला काहीच नाही," हे ती त्रेपन्न साक्षीदारांसमोर म्हणायची.

"गोदामातली युक्ती करू या," मी म्हणालो. "सगळ्या हँगरचे हुक उलटे लावायचे, उघडं तोंड आपल्याकडे. कपडा घातलास की परत टांगताना हुक सरळ, तोंड भिंतीकडे. चाळीस दिवसांनी ज्यांची तोंडं आपल्याकडेच राहिली, तो पडीक माल. बाहेर."

"आणि नंतर कधी लागलंच तर?"

"चाळीस दिवसांत लागलं नाही ते लागत नाही."

"माणसांनाही हाच नियम का रे?" ती हसली. "तुझ्या मावशीला चाळीस दिवसांत कुणी फोन केलेला नाही. बांधायची का पिशवीत?"

माझ्या बाजूला सातच शर्ट. चांगलं उदाहरण म्हणून त्यांचेही हुक उलटवले. आठवड्यात सातही सरळ झाले. मी एक वही केली, रोज सकाळी मोजणी, आणि कोण काय बोललं तेही खाली. बारीकसारीक लिहायची मला खोडच आहे. गोदामाचा एक शिरस्ता आहे: नोंद आणि डोळा यांत तफावत आली तर नोंद खरी. डोळ्याला ओळखीपाळखी असतात, नोंदीला नसतात.

नऊ दिवस झकास गेले. सरळ हुक अकरा. बायको चार मिनिटांत तयार, आठला सात कमी असताना दवाखान्यात. खालच्या मजल्यावरचे शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, जिन्यात म्हणाले, "वहिनी, घड्याळ पुढे केलंत की नवरा?"

दहाव्या दिवशी ती दांडीपाशी थबकली.

"काल निळा ड्रेस घातला होता ना मी?"

"मग हुक उलटा कसा?"

"मी सरळच लावला होता."

"घाईत होतं असं," मी म्हणालो आणि वहीत अकराचे दहा केले.

पुढच्या आठवड्यात दहाचे सात झाले, सातांचे चार. ती रोज कपडे घालत होती, रोज टांगत होती. शेवटी चिडली. पांढरा शर्ट माझ्या नाकासमोर टांगला. त्याचं गळ्याचं बटण तपकिरी होतं, मूळचं हरवलं म्हणून दुसरं लावलेलं. "बघ हां. तोंड भिंतीकडे. बघितलंस?"

"बघितलं."

कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या उशाखाली. सकाळी तोंड आमच्याकडे.

मी शर्ट हुंगला. दवाखान्यातून आल्यावर तिच्या कपड्यांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा, धुतले तरी तो शिवणीत राहायचा. या शर्टाला दुकानातल्या घडीचा वास होता. कोपरावर एक सुरकुती नव्हती. गळ्याशी बटण पांढरं होतं, बाकीच्या बटणांसारखंच.

हे मी तिला सांगितलं नाही. वहीत लिहिलं.

एकविसाव्या दिवशी ती मास्तरांकडे एका ड्रेसची बाही कमी करायला गेली आणि कपडा तसाच घेऊन परत आली.

"मास्तर थट्टा करतात का रे माझी? विचारतात, नवीन भाडेकरू का. अकरा वर्षं माझी मापं आहेत त्यांच्याकडे. मी म्हटलं वही उघडा. उघडली. तुझी मापं आहेत. माझं पान नाही."

"फाटलं असेल."

"पानांना आकडे घातलेत त्यांनी. एकही आकडा गळलेला नाही."

मग दवाखान्याचं दार. ते आपोआप सरकणारं होतं. तिच्यासमोर सरकेना. मागून एखादा पेशंट आला की त्याच्याबरोबर ती आत शिरायची. ती हे जेवताना सांगायची, आधी नकला करून, मग नुसतंच.

तिसाव्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता बसली.

"आज मुद्दाम साडेनऊला गेले. कुणी काही बोललं नाही."

"बरंच झालं की."

"बाईंनी मला ओरडावं म्हणून मी तासभर त्यांच्यासमोर उभी होते," ती म्हणाली.

त्या रात्री मी दोघांचे पाण्याचे पेले भरून ठेवले आणि सकाळी एकच पेला ओला होता, दुसरा कोरडा. तेही लिहिलं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. तिच्या बाजूचे त्रेपन्नही हुक, उघडी तोंडं आमच्याकडे करून, एका रेषेत. ती माझ्या मागे उभी होती.

"एक सांग. काल मी काय घातलं होतं?"

मला माहीत होतं. पिवळा स्वेटर. डाव्या बाहीचा धागा निघालेला. भाजी चिरताना तिने तो दोनदा मागे सारला होता.

मी दांडीकडे पाहिलं. पिवळा स्वेटर चौतिसावा. दोन्ही बाह्या धड.

"हुक उलटा आहे," मी म्हणालो.

"हुकाला नाही विचारत. तुला विचारतेय."

घड्याळ चालू होतं. खाली मास्तरांचं मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"अगं, नोंदीप्रमाणे..."

"बरं," ती म्हणाली. "मग लिही तसं."

मी लिहिलं. पडीक: त्रेपन्न.

वर पाहिलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

कपडे चार पिशव्यांत बसले. मास्तर गरजूंना वाटतात, म्हणून त्यांच्याकडे नेले. त्यांनी वरचा ड्रेस उलगडून उजेडात धरला.

"कोरे आहेत की हो सगळे! कुणाचे?"

उत्तर माझ्याजवळ होतं. जिना उतरेपर्यंत नक्की होतं.

हे सगळं मी वहीवरून सांगतोय. अक्षर माझं आहे, यात शंका नाही. पानोपानी "ती म्हणाली" आहे, "बायको" आहे. नाव कुठेच नाही. घरातल्या माणसाचं नाव कोण लिहितं? वही नसती तर मीही म्हणालो असतो की कपाट अर्धं रिकामं आहे कारण ते माझ्या गरजेपेक्षा मोठं आहे.

तर हिशोब असा. बावीस मिनिटं वाचली, ती वापरायला कुणी उरलं नाही. शांतता मला मिळायची होती, ती पुरेपूर मिळाली. आता दांडीवर हँगर सरकला तर स्वयंपाकघरात ऐकू येतं. किंमत तिने भरली. मला वाटलं होतं, पूर्ण भरली.

आज सकाळी माझ्या बाजूचे शर्ट मोजले. सात. सातही हुकांची तोंडं माझ्याकडे.

काल मी करडा शर्ट घातला होता. दिवसभर. बाहीवर शाई सांडली होती. करडा शर्ट तिसरा टांगलाय, बाही स्वच्छ.

मी मागे वळून विचारलं, "काल मी करडाच घातला होता ना?"