प्रबोधरावांनी ओ दिली नाही

एकोणतीस वर्षं मी नागपूरच्या शाळेत गणित शिकवलं. भुताचं नाव काढणाऱ्या पोराला बाकावर उभं करायची मी. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. गंडेदोरे, अंगारेधुपारे उंबरठ्याच्या आत येत नाहीत. तेव्हा हे पटलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या. या वयात खोटं बोलून मला काय मिळवायचंय?

सात ऑक्टोबर दोन हजार सहा. शनिवार. जागा सिंगापूर.

तारीख माझ्या डोक्यात पक्की आहे. पुढच्याच आठवड्यात धम्मचक्र प्रवर्तनाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. इकडे दीक्षाभूमीवर मांडवाची गडबड सुरू होती. आणि तिकडे माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी भर दुपारी सूर्य दिसत नव्हता.

शेजारच्या इंडोनेशियात जंगलं जळत होती. त्यांचा धूर समुद्र ओलांडून सिंगापूरवर येऊन बसला होता. तिथे त्याला हेझ म्हणतात. समोरची बिल्डिंग दिसेना, घशात जळकी चव, डोळ्यांतून पाणी.

बहिणीचं नाव भावना. तिचे यजमान प्रबोधराव चिपच्या कारखान्यात इंजिनियर. वुडलँड्सला नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. एकुलती एक लेक राणी, तेव्हा चौदा वर्षांची. लहानपणापासून तिला दमा. कितीतरी रात्री प्रबोधराव तिला उभ्याने खांद्यावर घेऊन घरभर फिरले आहेत. जीव होता त्यांचा पोरीवर.

दर शनिवारी प्रबोधराव स्काऊटच्या एका पथकात जायचे. पगार नाही, काही नाही, हौस. राणीही त्याच पथकात.

आता त्या पथकाची रीत ऐका, कारण सगळं तिच्यापाशीच येतं.

तिथे सगळं पोरांनी ठरवायचं. कुठे जायचं, कसं जायचं, पुढे कोण, मागे कोण. पोरांनी बैठक घ्यायची, हात वर करून मत द्यायचं. मोठ्यांनी गोलाच्या बाहेर उभं राहायचं. आणि हात खिशात! अगदी खरोखरचे. पोरगं चुकताना दिसलं तरी हात बाहेर काढायचे नाहीत. चुकेल, धडपडेल, शिकेल. जिवावर बेतलं तरच मध्ये पडायचं.

भावना म्हणायची, "ताई, घरातला नळ गळत असला तरी यांचे हात खिशातून निघत नाहीत."

दुसरी रीत प्रबोधरावांची स्वतःची. पथकात राणीने त्यांना बाबा म्हणायचं नाही. सर म्हणायचं. आपल्या पोरीला वेगळी वागणूक नको म्हणून. एकदा ती चुकून बाबा म्हणाली, तर यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग हसून म्हणाले,

"इथे तुझा बाबा कोणी नाही."

त्या शनिवारी सकाळी धूर जरा विरळ वाटला. बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत पोरांची बैठक बसली. सहा जणांची तुकडी. लीडर हुई मिन, सोळा वर्षांची, मोठी जबाबदार पोरगी. मंडाईच्या रानातली पायवाट चालायची, असं कधीचं ठरलेलं होतं.

प्रबोधरावांनी राणीकडे बघितलं. तिचा श्वास त्यांना लांबूनही कळायचा.

"आर यू शुअर?" त्यांनी एवढंच विचारलं.

"सर, वी वोट ऑलरेडी, लाह," हुई मिन म्हणाली. वाक्याला 'लाह'चं शेपूट लावायची तिथली सवयच. "सिक्स आउट ऑफ सिक्स."

सहावा हात राणीचाच होता.

नाही म्हणता आलं असतं. पण पोरांचं मत मोडायचं, तेही आपल्या लेकीपायी? मग पथकात तोंड कसं दाखवायचं?

त्यांनी हात खिशात घातले.

ठरलं असं. पोरं पायवाटेच्या एका टोकाला शिरणार, प्रबोधराव दुसऱ्या टोकाला बाकावर बसून वाट बघणार. दीड तासाची चाल. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे संकट. तीन शिट्ट्या ऐकल्या की मोठ्यांनी धावायचं. त्याआधी नाही.

दुपारी दोनला पोरं आत शिरली. तेवढ्यात धूर पुन्हा दाटला.

प्रबोधराव बाकावर एकटे. दहा पावलांवरचं झाड दिसेना. फक्त किड्यांची किर्रकिर्र. त्या रानात किडे भर दुपारी ओरडतात.

तीन वाजले.

तीन वीस झाले.

आणि किडे गप्प झाले... सगळे, एकाच क्षणी.

प्रबोधरावांनी मान वर केली.

मग डावीकडून, धुरातून...

"बाबा..."

ते ताडकन उठले.

राणीचाच आवाज. बापाला आवाज ओळखू येत नाही का?

पुन्हा...

"बाबा..."

या वेळी आवाजामागे ती शीळ होती. दम लागला की तिच्या छातीतून यायची, तीच. त्यांचं एक पाऊल पुढे पडलं.

आणि थांबलं.

शिट्टी कुठे आहे?

तिच्या गळ्यात शिट्टी आहे. बरोबर हुई मिन आहे. प्रथमोपचार शिकलेला एक मुलगा आहे. सहांपैकी कोणीच शिट्टी वाजवत नाही, म्हणजे संकट नाही. पोरगी घाबरली आहे, एवढंच. आणि सर म्हणायचं सोडून बाबा म्हणतेय. आज धावलो तर ती कधीच शिकणार नाही.

"बाबा... बाबा, ओ द्या ना..."

ते खाली बसले. खिशात मुठी इतक्या आवळल्या की शिवण उसवली. ती पँट भावनाने मला दाखवली आहे, मी या डोळ्यांनी बघितली आहे.

अकरा वेळा हाक आली. त्यांनी मोजल्या.

अकरावी अगदी बारीक होती... मग काही नाही.

किडे पुन्हा ओरडू लागले.

दहा मिनिटांनी तुकडी आली. डावीकडून नव्हे, उजवीकडून. सहाही जण एका दोराला धरून, एकामागे एक. पाच जण खोकून बेजार, डोळे लालभडक.

सहावी राणी.

ती खोकत नव्हती. तिला धापही लागली नव्हती.

"ऑल सिक्स, सर," ती म्हणाली.

प्रबोधरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हुई मिनला बाजूला घेऊन विचारलं, कोणी मागे राहिलं होतं का? कोणी हाका मारत होतं का?

"नो, सर. हेझ सो थिक, आय मेक एव्हरीबडी होल्ड द रोप. नोबडी लेट गो. नोबडी शाउट."

रात्री तिघं जेवायला बसली. भावनाने राणीच्या आवडीची पाटवडी केली होती.

"सर, मीठ द्या," राणी म्हणाली.

भावना खो खो हसली. "अगं, घरी आलीस ना आता!"

राणीने दोघांकडे बघितलं. तिला हसण्याचं कारणच कळलं नाही...

दुसऱ्या दिवशी सर. आठवड्याने सर. महिन्याने सर. रागावून सांगितलं, लाडाने सांगितलं. ती नम्रपणे म्हणायची, "ओके, सर."

बाबा हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

आणि तिचा दमा गेला. पूर्ण गेला. डॉक्टर खूश. म्हणाले, काही मुलांचा वयात येताना जातो. भावना तर हवेतच होती. प्रबोधराव शंका बोलून दाखवायला लागले की ती भडकायची. "पोरगी मोकळा श्वास घेतेय, तेच खुपतंय का तुम्हाला?"

प्रबोधरावांनी पथक सोडलं. पण शनिवार सोडला नाही. दर शनिवारी दुपारी ते एकटेच मंडाईला जायचे.

भावनाने मला बोलावून घेतलं, दोन हजार नऊच्या डिसेंबरात. म्हणाली, ताई, तू शिक्षिका आहेस, तू यांना समजाव.

विमानतळावर राणी न्यायला आली होती. सतरा वर्षांची, उंच, देखणी.

"मावशी!" म्हणत गळ्यात पडली.

माझी तर शंकाच फिटली. घरी गेल्या गेल्या प्रबोधरावांची मी बिनपाण्याने केली. "शिकलेसवरलेले ना तुम्ही? पोरीने सर म्हटलं म्हणून ती परकी झाली? मला तर मावशीच म्हणतेय!"

त्यांनी माझी बॅग आत नेऊन ठेवली.

रात्री भांडी आवरताना भावना हळूच म्हणाली, "ताई, मला ती काहीच म्हणत नाही गं."

"म्हणजे?"

"आई म्हणत नाही. काम असलं की समोर येऊन उभी राहते. मी बघेपर्यंत..."

"वयच तसं आहे बाई."

"त्या दुपारी घरचा फोन वाजला होता. साडेतीनच्या सुमारास. माझे हात पिठाचे होते. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. मी म्हटलं, असेल कोणी बँकवाला." तिने नळ बंद केला. "पोरांकडे तर फोनही नव्हते. जमा करून घेतात ना. तरी मला वाटतं, ताई... उचलायला हवा होता."

मी तिला वेड्यात काढलं. पण झोप लागली नाही.

शनिवारी मी प्रबोधरावांबरोबर निघाले. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

स्वच्छ ऊन. धूर नाही, काही नाही. लोक पोराबाळांना घेऊन फिरायला आलेले. आम्ही बाकावर बसलो. मी पिशवीतून मोसंबी काढून सोलायला घेतली.

तीन वीस.

किडे गप्प झाले...

माझ्या हातातली फोड तशीच राहिली.

"बाबा..."

देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही. पण तो आवाज राणीचा होता. सतरा वर्षांच्या राणीचा नाही. चौदा वर्षांच्या.

"ओ!" प्रबोधराव केवढ्याने ओरडले! "ओ बाळा! मी इथेच आहे! इथेच आहे गं!"

"बाबा... ओ द्या ना..."

"दिली ना! दिली गं बाई!"

तिला ऐकूच जात नव्हतं. पहिल्यांदाच हाक मारतेय अशी ती मारत होती. प्रबोधराव झाडीत धावले, अंग ओरबाडून घेऊन परत आले. म्हणाले, कितीही आत गेलो तरी आवाज तेवढाच लांब राहतो. तीन वर्षं. दर शनिवारी अकरा हाका.

अकरावी झाली. मी डोळे पुसले.

आणि...

"मावशी..."

प्रबोधरावांनी माझा हात धरला.

"ताई, आजवर असं कधी झालं नव्हतं. तुम्हाला बोलावतेय ती. द्या ओ. माझी पोचत नाही, उशीर झाला मला. तुमची पहिलीच आहे, तुमची पोचेल!"

"मावशी... मावशी, दम लागलाय..."

मी तोंड उघडलं.

आणि मला घरातली राणी आठवली. सकाळी उठून तिने माझ्यासाठी पोहे केले होते. हिला ओ दिली, तर ती कोण? तिच्या हातचं मी काय खाल्लं? भावनाला जाऊन काय सांगू?

खरं सांगायचं तर हे सगळं मागाहून सुचलेलं आहे. त्या क्षणी मी भ्याले. लहानपणी ऐकलेलं आठवलं, अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हाकामारी असते. आयुष्यभर ज्याला हसले, तेच आठवलं. आणि पोर अनोळखी कुठे होती? मी तिला पहिली अंघोळ घातली आहे.

तीन वेळा हाक आली.

मी तोंड मिटून बसले.

किडे ओरडू लागले.

प्रबोधरावांनी माझा हात सोडला. "तुम्ही पण, ताई," एवढंच म्हणाले. बसमध्ये ते दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

घरी राणीने दार उघडलं. हसली. माझ्या हातातली पिशवी घेतली, खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास आणून दिला.

"पाणी घ्या, मॅडम," ती म्हणाली.

भावनाच्या हातातली परात खाली पडली.

मी चार दिवसांनी परत आले. आता दर रविवारी भावनाचा फोन येतो. राणी फोनवर येते, तब्येत विचारते, मॅडम म्हणते. मीही गोड बोलते. तिचा काय दोष?

शनिवारी मात्र प्रबोधरावांचा फोन येतो, तिथल्या चारच्या सुमारास. आता अकरा हाकांनंतर तीन मावशीच्या असतात म्हणे. दर वेळी. ते विचारतात, "ताई, कधी येता? एकदा येऊन बघा. कोण जाणे, पोचेलही."

मी म्हणते, गुडघे फार दुखतात हो, प्रवास झेपत नाही.

माझे गुडघे ठणठणीत आहेत.