विचारून टाकायचा ठिपका

नमुन्याची साडी नेसून छपाईची मदतनीस शेवंता टेबलाला चिकटून उभी होती. गोजराबाई छपाईच्या जाळीवरून रबराची पट्टी ओढत होती, एवढ्यात शेवंताच्या पदरावरची बंद कळी टचकन लाल झाली आणि उमलली.

"घामशाई चालली, आजी!" नात अन्वी टाळी वाजवून ओरडली.

शाई अन्वीची. तिच्यातले बारीक कण घाम चाखतात. अंगात काही बदललं की नक्षी पालटते. नक्षी मात्र आजीची. इचलकरंजीत छपाई सुरू करण्याआधी गोजराबाई जत्रेजत्रेत गोंदत फिरायची. शाळा दुसरीपर्यंत, पण कमळवेल डोळे मिटून काढील.

"ताप आला तर पान पिवळं," अन्वी कौतुकानं सांगू लागली, "आणि कळी उमलली तर... अय्या, शेवंतामावशी, तुम्हाला दिवस गेलेत!"

शेवंतानं पदर मुठीत चुरगाळला. आधीचे दोन गर्भ राहिले नव्हते. या खेपेला तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

साड्यांची मागणी घेऊन आलेले खानविलकर साहेब मात्र खुलले. "आमच्या कारखान्यातल्या चारशे बायकांना हाच गणवेश! कोण कामावर किती दिवस टिकणार, लांबूनच कळेल."

गोजराबाईनं पट्टी आदळली. "ही वेल मी हितं तुटकी काढली हुती. कुणी जोडली?"

"मी. तुझा एक ठिपका राहिला होता, म्हणून संगणकावर भरला. तो नसला तर शाईतून वीज पुढे जात नाही, कण जागे होत नाहीत."

"राहिला न्हवता गं, भवाने, ठेवला हुता! गोंदताना शेवटचा ठिपका बाईला इचारून टाकायचा. ती 'हं' म्हणंल तवाच."

तिनं बोटावर लेप घेतला आणि जाळीतलं तेवढं भोक बुजवून टाकलं.

"अहो मावशी, कापड मुकं होईल!" खानविलकर म्हणाले.

"हुंदे. तेच्या वाटचं तुमी बोलताय की."

अन्वी खाली मान घालून उभी राहिली. मग तिनं एका छोट्या कुपीत शाई भरली. "प्रत्येक साडीबरोबर एक कुपी देऊ. जिला हवं तिनं आपल्या हातानं ठिपका टाकावा."

गोजराबाईचा चेहरा जरा निवळला.

"झकास!" खानविलकर लगेच म्हणाले. "कुप्या तेवढ्या आमच्या ऑफिसात पाठवा. पहिल्याच दिवशी रांगेत उभं करून टाकून घेऊ. नाही कोण म्हणतंय?"

शेवंतानं उमललेली कळी तळहाताखाली झाकली.

"आजी, पुढची साडी छापायची?" अन्वीनं हळूच विचारलं.

गोजराबाईनं पट्टी उचलली, पण ती जाळीवर टेकेना. तिला जत्रेतली एक पोर आठवली. दहा-अकरा वर्षांची, नवीन लग्न झालेली. सासूनं तिचं कोपर घट्ट दाबून धरलं होतं. शेवटच्या ठिपक्याआधी गोजराबाईनं रीतीप्रमाणे विचारलं होतं, पोर 'हं' म्हणाली होती, आणि तिनं सुई टोचली होती.

ते 'हं' नेमकं कुणाचं होतं?