गोलाच्या आधीची हाक

टीव्ही बिघडला तेव्हा लेकीनं म्हाताऱ्याच्या फोनमध्ये खेळांचं ॲप घालून दिलं आणि ती आपल्या घरी गेली. म्हाताऱ्याची सगळी उमर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. अडकलेली लिफ्ट तो डोळे मिटून खाली उतरवायचा. पण या फोनपुढं त्याचं काही चालेना. रविवारी दुपारी फुटबॉल लागायचा. साखरेच्या डब्याला फोन टेकवून तो बसायचा. चित्र चालायचं, अडायचं, मधोमध एक पांढरं चाक गरगर फिरायचं, मग पुन्हा चालायचं.

असं अडत अडत ते खऱ्या खेळाच्या मागं पडायचं. हे त्याला कळलं ते खालच्या सलूनमुळं. सलूनवाल्याकडं टीव्ही होता. खाली आरडाओरडा व्हायचा तेव्हा इथं बॉल अजून मधल्या रेषेवर लोळत असायचा.

“काका, तुमच्याकडं झाला का गोल?” सलूनवाला जिन्यातून ओरडायचा. “का उद्याचा मुहूर्त आहे?”

“तू दाढी कर. कान कापशील कुणाचा.”

अशाच एका रविवारी खाली ओरडा झाला, आणि फोनवर गोल व्हायच्या आत मागच्या खोलीतून आवाज आला.

टक, टक.

आवाज ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की म्हातारा मान वर न करता बोलून गेला, “कळलं गं.”

आणि मग त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

मागच्या खोलीत त्याच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. ती शिवता शिवता रेडिओ ऐकायची, हा बाहेर टीव्ही बघायचा. खेळ एकच, पण रेडिओ नेहमी जरासा पुढं. गोल झाला की ती बोटातली लोखंडी टोपी मशीनच्या फळीवर दोनदा वाजवायची. म्हणजे, बघा आता. हा चिडायचा. “आधीच सांगून टाकतेस, मग मी बघायचं काय?” ती म्हणायची, “सांगते कुठं? नुसती हाक मारते.”

ती गेली, त्याला आता बरेच दिवस झाले होते. रेडिओतले सेल त्यानं तेव्हाच काढून ठेवले होते.

तो उठून मागं गेला. मशीनवर खोळ तशीच. टोपी खणात, सुयांच्या डबीशेजारी. त्यानं पाण्याचा पाइप ठोकून पाहिला, खिडकीची कडी पाहिली, फळीखाली हात घालून उंदराची वाट शोधली. काही नाही. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. खाली ओरडा, मागं टक टक, मग फोनवर गोल.

तेव्हा त्यानं शोधणं सोडलं. त्याला यंत्राची चाल कळत होती, तशी ही चालही कळली. ती गेल्यावरही टीव्ही चालू होता, पण तेव्हा कधी टकटक झाली नव्हती. खालचा ओरडा आणि वरचं चित्र बरोबर यायचं. मध्ये जागाच नव्हती. फोन मागं पडला आणि मध्ये एक फट राहिली. त्या फटीत ती येऊन बसली.

भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा रविवारची ओढ मोठी झाली. पांढरं चाक फिरू लागलं की त्याला बरं वाटायचं.

मग एका रविवारी लेक आली. चाक बघून तिनं कपाळाला हात लावला.

“बाबा, असं बघता तुम्ही? सांगायचं नाही का?”

“चालतंय.”

“चालत कुठंय? लंगडतंय. द्या इकडं.”

“राहू दे म्हटलं ना.”

“लिफ्ट अडकली की असंच म्हणत होता का आतल्या माणसांना?”

तिनं फोन घेतला. ॲप बंद करून उघडलं. आत साठलेला कचरा पुसला. ॲप काढून नवं घातलं. वायफायचा डबा धूळ झटकून खिडकीतून फोनजवळच्या मांडणीवर आणला. म्हातारा तिचे हात बघत बसला. तिला सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण काय सांगणार? बापाला भ्रम झाला म्हणून ती रडली असती.

थोड्या वेळानं खाली ओरडा झाला आणि त्याच क्षणी फोनवर बॉल जाळ्यात गेला.

“बघा. अगदी वेळेवर.”

“हं,” तो म्हणाला. त्याचा कान मागच्या खोलीकडं होता. तिथं काहीच नव्हतं.

निघताना लेकीनं त्याच्या शर्टाकडं पाहिलं. “गळ्याचं बटण लोंबतंय. काढा, लावून देते.”

“नको.”

“आईच लागते का बटण लावायला?”

बटण तुटलं की बायको त्याला शर्ट काढू द्यायची नाही. उभ्या उभ्या लावायची. “हलू नका हं,” म्हणायची, आणि शेवटी मान वाकवून दातांनी दोरा तोडायची. तिचा श्वास गळ्याला लागायचा.

पुढच्या रविवारी लीगचा शेवटचा, मोठा सामना होता. त्यानंतर कित्येक महिने खेळ नव्हता. म्हाताऱ्याच्या अंगात तोच शर्ट होता, बटण तसंच लोंबत. त्यानं वायफायचा डबा परत खिडकीत ठेवला. चित्र अडेना. फोन घेऊन तो जिन्यात गेला, मोरीत गेला, फोनवर पातेलं उपडं घातलं. ॲप कसलं ऐकतंय! आयुष्यभर बिघडलेलं सुधारलं, आता सुधारलेलं बिघडवता येईना.

शेवटी तो मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तिथली भिंत जाड. मशीनच्या फळीला फोन टेकवून तो खुर्चीत बसला. चित्र अडलं. पांढरं चाक फिरू लागलं.

त्याचा जीव भांड्यात पडला.

तो वाट बघू लागला. गोल होईना. खोळीखालून तेलाचा जुना वास येत होता. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं, मळलं, विझलं. म्हातारा जागचा हलला नाही. एकदा गळ्यापाशी जराशी ऊब जाणवली. खोली कोंदट आहे, त्याला वाटलं.

टक, टक.

अगदी जवळ. हाताच्या अंतरावर.

त्यानं डोळे फोनवर रोखले. आता होईल. बॉल इकडून तिकडं गेला, बाहेर गेला. चाक फिरलं. मग शिट्टी वाजली आणि खेळाडू मैदानातच बसले.

जिन्यातून सलूनवाल्याचा आवाज आला. “काका, संपला खेळ. एकही गोल नाही. दिवस फुकट गेला राव.” मग शटर खाली ओढल्याचा आवाज, आणि सगळं शांत.

तिनं खोटी हाक कधी मारली नव्हती.

“काय गं…” तो हळूच म्हणाला. “काय बघू…?”

मग तो उठला आणि सवयीनं त्याचा हात गळ्याशी गेला.

बटण घट्ट बसलं होतं. त्यानं बोटानं चाचपलं. दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.