आगबोट पहिली दिसते तिथं

पाटसच्या एसटी थांब्यावर वावटळ उठली आणि एक कागद उडत येऊन खुर्शिदच्या चपलेखाली अडकला. त्यावर पेन्सिलीनं समुद्र काढलेला होता. मागून एक तरुण धापा टाकत आला.

“पाय काढता का? आमच्या साहेबांचं बेट हाय ते.”

“मग नीट धरून ठेवायचं,” ती म्हणाली. हसू मात्र ओढणीआड गेलं.

तो जवळच्याच खुटबाव गावचा इलाही. अंदमानात नोकरीला. सरकारी विश्रामगृह कुठं बांधावं, त्यासाठी टेकड्या हिंडून समुद्र सगळ्यात छान कुठून दिसतो ते शोधायचं, हे त्याचं काम. दीड महिन्याच्या रजेत तो चार वेळा पाटसला आला. दर वेळी नवं चित्र... दर वेळी चुकलेली एसटी.

चौथ्यांदा त्यानं विचारलं, “घरी येऊन बोलू?”

“अब्बा दुपारचे घरी असतात,” ती जमिनीकडे बघत म्हणाली.

तो आला तो रजेच्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळी दौंडहून मद्रासची गाडी, पुढं आगबोट. खुर्शिद दाराआड उभी होती.

“पोरगी समुद्रापल्याड आजारी पडली, तर मला कवा कळायचं?” तिचे वडील मीरासाहेब म्हणाले.

“पंधरा दिवसांनी. कवा कवा महिन्यानं.”

थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं... खुर्शिदच्या मनात आलं.

“म्हणं तुम्ही जागा शोधता. सगळ्यात चांगली कंची?”

आता हा निळ्या पाण्याचं सांगणार, तिला वाटलं.

“एक बोडकी टेकडी हाय, मामा. बघण्यासारखं काय न्हाई. पर मद्रासची आगबोट पयली तिथनं दिसती. घरची पत्रं तिच्यात असत्यात. तासन्‌तास बसतो मी तिथं.”

“इतकं एकटं वाटतं, तर माझ्या पोरीला कशापायी नेता?”

इलाही उठला, चपला शोधू लागला.

खुर्शिद दाराबाहेर आली. परक्या माणसासमोर ती वडिलांशी कधी बोलली नव्हती.

“अब्बा, तुमच्या पत्राची वाट बघत मीबी बसंन त्या टेकडीवर. रडंनबी. पर... मला जायचंय.”

मीरासाहेबांनी इलाहीला हातानं परत बसायला खुणावलं.

“पुढच्या रजेला निकाह,” ते त्याला म्हणाले. “तवर दर बोटीनं पत्र यायला पायजे. हिच्या नावानं. मला ती वाचून दाखवंल.”

“समदं न्हाई दाखवणार,” खुर्शिद म्हणाली.