नऊ नंबरचं उत्तर

हे कुणालाही पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पैज लावा हवी तर.

वहिनीने किटलीतून दोन कप चहा ओतला. एक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “भावोजी, न पटणारं सांगण्यातच तुमचा जन्म गेला. हं, सांगा.”

दादा आणि मी एकाच कारखान्यात, मोजमापाची यंत्रं तपासायच्या खोलीत. टेबलावर चार यंत्रं, जाड केबलीने कॉम्प्युटरला जोडलेली. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक बटणं असत. ती दाबून त्याला नंबर द्यायचा. रोज सकाळी कॉम्प्युटर एक ते तीस नंबरांना विचारायचा, तू कोण? आमची चौघं आपापलं नाव सांगत, बाकी सव्वीस नंबर गप्प. शाळेतली हजेरीच म्हणा.

एका सकाळी नऊ नंबरने उत्तर दिलं.

नाव नाही. फक्त आकडा. ३६.८.

“पिन सैल असेल,” दादा म्हणाला. मी एकेक यंत्र सोडवलं. शेवटी कॉम्प्युटरच्या पाठीमागची केबलच उपटून हातात धरली. पडद्यावर ३६.८.

“अरे, हे तर अंगाचं तापमान!” दादा हसला. कपाटातला थर्मामीटर त्याच्या बगलेत लावला. ३६.८. दोघं जिने चढून उतरून आलो, तर नऊ नंबर ३७.१. आम्हाला खेळच मिळाला. साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी तीन प्रतींत अहवाल मागितला असता.

आठव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, आकडा उतरायला लागला.

३६. ३५.४. ३४.

दादा समोर बसून शीळ घालत तारा जोडत होता. “दादा, बरं वाटतंय ना?”

“मला काय धाड भरलीय?”

३१. मी त्याच्या खांद्यावर माझा कोट टाकला. खिडक्या लावल्या. हीटर त्याच्या पायाशी ठेवला. तो घामाघूम झाला. आकडा उतरतच राहिला.

२८.

मी कॉम्प्युटरचा प्लग काढला. पडदा काळा झाला.

एक नंबरच्या यंत्राच्या छोट्या खिडकीत आकडा उमटला. २६.

जन्मभर बिघाड शोधून खाल्लं मी. त्या दिवशी हात कुठे घालावा, तेच कळेना. नुसता बघत उभा राहिलो.

२४.३.

तिथे थांबला. भिंतीवरच्या तापमापकात पाहिलं. खोली २४.३.

“मी ठणठणीत आहे रे वेड्या,” दादा म्हणाला. “यंत्र बिघडलंय.” आणि खरंच, पुढे बारा वर्षं जगला की तो. मी वाचवलं त्याला त्या दिवशी, हीटर लावून!

मी हसलो. वहिनी हसली नाही.

“खोटं,” ती म्हणाली.

“अगं, आकडा मी या डोळ्यांनी—”

“आकडा खरा असेल. थर्मामीटर खोटा. तो यांच्या बगलेत नव्हता, यांनीच मला सांगितलं होतं.” तिने माझ्या कपाकडे पाहिलं. “हे ठणठणीत होते. मग आकडा उतरला कुणाचा, भावोजी?”

मी घोट घेतला. चहा गार पडला होता.

तिच्या कपातून अजून वाफ निघत होती.