पिंजण-शेडची आग

"म्या नाही लावली आग, मॅडम. माह्याच धंद्याले म्या कायले काडी लावू?"

रुक्माबाई राठोड दोन एसट्या बदलून मुकुटबनजवळच्या तांड्यावरून यवतमाळला आली होती. खुर्ची दिली तरी उभीच होती.

आभा बापट खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे थोरले दीर वामनराव, निवृत्त बँक मॅनेजर, सोबतीला असत. २००६ साल होतं. कापसाला भाव नव्हता आणि दारात येणारं प्रत्येक माणूस थकलेलं होतं. आभाताईही थकल्या होत्या. तरी त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला.

"सगळं सांगा. घाई नाही."

विकताना मातीमोल जाणाऱ्या कापसाच्या गाद्या आणि रजया करायच्या, असं रुक्माबाईनं ठरवलं होतं. विकास महामंडळाच्या कर्जातून उन्हाळ्यात पिंजणाचं मशीन आलं. धंदा चालला. दुसऱ्या हप्त्यात शिलाई मशिनी घेऊन आणखी बायांना काम द्यायचं होतं. त्याआधी मशीन तपासायला महामंडळाचे नागपूरचे इंजिनियर मंगळवारी येणार होते, आणि त्याच दिवशी पहाटे शेड पेटली.

"म्या सोमवारी सांजेले वणीले गेलती, पोरीच्या बाळंतपणाले. कुलूप जसंच्या तसं, चाबी माह्यापाशी. ठाणेदार म्हणते, विम्यासाठी तूच पेटवलं."

"सोपं दिसतंय," ती गेल्यावर वामनराव म्हणाले. "बंद खोली, एक किल्ली. आभा, तिला वकील गाठून दे."

"आधी राख बघू, भाऊजी."

तांड्यावर रुक्माबाईनं त्यांना शेड दाखवली. पत्रे वाकले होते. आभाताई कोळशातून हळूहळू फिरल्या. पलीकडच्या भिंतीजवळचे रुईचे गठ्ठे वरून करपले होते, आत पांढरे होते. मशीनला मात्र एक गठ्ठा अगदी चिकटून पडला होता. त्याचं बाहेरचं कवच उभं होतं. आभाताईंनी काठी खुपसली, ती राखेत थेट आत गेली. मशीनचा निळा रंग फोडांसारखा उलला होता आणि त्याखाली हिरवा दिसत होता. पट्ट्याच्या चाकावरची खाच झिजून खोल गेली होती.

रुक्माबाईचा दीर खेमसिंग कडुलिंबाखाली बसला होता. शेडच्या जागेवरून त्याचं भावजयीशी भांडण होतं, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं.

"भांडलो मी, हो," तो म्हणाला. "पण सोमवारी सकाळी रुई मीच आणून देल्ली. भोजाईचा नियम हाय, मशीनजवळ रुई ठेवाची नाही. मी भिंतीपाशी लावली. बायांनी पाह्यलं."

"दुपारी शेडमध्ये कोण होतं?"

"कोणी नाही. सकाळी लाइन गेली ते रातीलेच आली. बाया घरी गेल्या. तो मशीनवाला देवीलाल तेवढा येऊन गेला."

वामनरावांनी आभाताईंना बाजूला घेतलं. "रुई ह्यानंच आणली आणि वैर आहे. हाच!"

आभाताई पुन्हा मशीनकडे वळल्या.

महामंडळाचे अधिकारी अनिमेष दाणी ठाणेदारांच्या शिपायासह पंचनाम्यासाठी आले. तरुण होते, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मशीन त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. पुरवठादार देवीलालच्या पावतीवर सही केली होती. "माझ्याकडे तीन तालुके आहेत, मॅडम. कुठे कुठे जाऊ? इंजिनियर येणार हे मात्र मी रुक्माबाईंना आणि देवीलालना, दोघांनाही कळवलं होतं."

देवीलालला दाणींनीच बोलावून घेतलं होतं. तो खिशात हात घालून शेडच्या दाराशी उभा राहिला.

"मी आलतो ना, लपवायचं काय? इन्स्पेक्शन होतं, म्हणून सर्व्हिसिंग केलं. बाईंनीच चाबी दिली. मशीन चालवून पाहिलं, एकदम बढिया. दिवसाउजेडी कुलूप लावून चाबी परत देऊन गेलो. आग पहाटेची. तवा मी वणीत घरी झोपलो होतो, साऱ्या मोहल्ल्याला विचारा."

"चालवून पाहिलंत?" आभाताईंनी विचारलं.

"हो तर."

"कशावर? सोमवारी दिवसभर वीज नव्हती."

देवीलालनं खिशातून हात बाहेर काढले. रुक्माबाईनं मान वर केली.

"पहाटे कोण कुठे होतं, ह्याला अर्थच नाही," आभाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दाबलेली रुई भडकत नाही, आतल्या आत धुमसते. दुपारी पोटात जळती विडी खुपसली, तर ज्वाळा बाहेर पडायला पहाट होऊ शकते. हा गठ्ठा आतून जळालाय. पलीकडचे वरून करपलेत, म्हणजे त्यांच्यावर आग नंतर आली. सुरुवात इथून."

"पण रुई खेमसिंगनं आणली होती," वामनराव म्हणाले.

"भिंतीपाशी, बायांच्या देखत. मग एक गठ्ठा मशीनला कुणी चिकटवला? खेमसिंगना जागा हवी होती. ती मोकळी करायला रुई कुठेही पेटली तरी चाललं असतं. रुक्माबाईंना तर हप्ता हवा होता, तोही त्याच दिवशीच्या तपासणीवर अवलंबून. जाळायचं होतं ते मशीनच, आणि इंजिनियर यायच्या आत."

त्यांनी बोटानं निळा पापुद्रा सोलला. "हिरव्यावर निळा. उन्हाळ्यात आलेल्या मशीनच्या चाकाला अशी खाच पडत नाही, त्याला वर्षं लागतात. जुनं मशीन रंगवून नवं म्हणून दिलंत, देवीलाल. इंजिनियरनं एका नजरेत ओळखलं असतं."

देवीलाल भिंतीला टेकला. "सगळी शेड जाईल असं नव्हतं वाटलं," तो पुटपुटला. "फक्त मशीन..."

ठाणेदारांचा शिपाई त्याला घेऊन गेला. वामनराव अनिमेषकडे वळले. "ह्याच माणसानं आणखी कुठं मशिनी दिल्यात?"

"राळेगावला. झरीकडच्या पाड्यांवर." अनिमेषनी चेहरा दोन्ही हातांनी पुसला. "सगळीकडे जावं लागेल. सही करण्याआधीच जायला हवं होतं."

खेमसिंग वाकलेला एक पत्रा ओढून बाजूला ठेवू लागला. रुक्माबाई पुढे आली.

"साहेब, आता तं म्या सुटली ना? मंग दुसरा हप्ता?"

अनिमेषनी पंचनाम्याचे कागद मिटले. "मशीनच नाही, तर ते प्रकरण बंद होतं, रुक्माबाई. नवा अर्ज करावा लागेल."

"पुन्हा पह्यल्यापासून?"

"हो."

ती राखेच्या कडेला खाली बसली. आभाताई तिच्याजवळ टेकल्या. रुक्माबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि अनिमेषकडे पाहिलं.

"मंग कवा येऊ, साहेब?"